भिंतीची ओल, दिवाळसण आणि वरच्या मजल्यावरचे शेजारी

वाचकाचं पत्र (संक्षिप्त): ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत २२ वर्षांची. बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत ओल येते. उन्हाळ्यात भिंत कोरडी असते. दोनदा रंग देऊन झाला, दोन्ही वेळा पहिल्या पावसात पोपडे निघाले. भिंतीच्या एका टोकाला बाथरूम आहे, म्हणून वरच्या मजल्यावरच्यांना त्यांचं बाथरूम दुरुस्त करायला सांगितलं, तर त्यांनी उडवून लावलं. तेव्हापासून बोलणं बंद आहे. एक ठेकेदार आतून केमिकल मारून दहा वर्षांची गॅरंटी देतोय. मुलगा म्हणतो, व्हिडिओ बघून घरीच करू. मी निवृत्त आहे, वेळ आहे, ड्रिल मशीनही नवं घेतलंय. यंदा मुलीचा पहिला दिवाळसण आहे, जावई यायच्या आत भिंत नीट दिसायला हवी. काय करू?
ता. क. बाथरूमचा नळ ठिबकतो, बेडरूमचं दार फुगून बसलंय, आणि त्या ओल्या भिंतीवरच्या स्विचबोर्डाला हात लागला की हल्ली झिणझिण्या येतात.

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात तातडीचं वाक्य तुम्ही ताज्या कलमात, तेही सर्वात शेवटी लिहिलंय, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो. झिणझिण्या येतात याचा अर्थ त्या बोर्डातून करंट भिंतीत किंवा स्क्रूवर उतरतोय. हे वाचून झाल्यावर उठा आणि मेन बोर्डातला त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे लाइनवर जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच, पाडून ठेवा. कुठला एमसीबी त्या खोलीचा हे माहीत नसेल तर मेन बंद करून वायरमनला बोलवा. नुसता एमसीबी पाडला असेल तर तोवर रात्री बेडरूममध्ये दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शन ओढून पंखा लावा, पण त्या भिंतीपासून लांब.

बरेच जण म्हणतात, एमसीबी आहे ना, काही झालं तर पडेल. नाही पडणार. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. दिव्या-पंख्याच्या लाइनवरचा ६ किंवा १० अँपिअरचा असतो, आणि माणसाचा जीव जायला काही दशांश अँपिअरसुद्धा लागत नाहीत, मिलिअँपिअर पुरतात. माणसासाठी असतो तो आरसीसीबी, करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचा. मेन बोर्डात बघा, एखाद्या रुंद स्विचवर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण आहे का? असेल तर ते दाबल्यावर तो स्विच खटकन पडायला हवा. पडला नाही तर तो शोभेचा आहे. नसेलच, तर वायरमनकडून बसवून घ्या आणि त्याच फेरीत घराचं अर्थिंगही तपासून घ्या. २२ वर्षांपूर्वीच्या अनेक इमारतींत आरसीसीबी बसवलेलाच नसतो. हे काम मात्र तुम्ही करायचं नाही, आणि मुलानंही व्हिडिओ बघून करायचं नाही. रबरी चप्पल घालून बोर्ड उघडणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही, तुम्ही त्यात भर घालू नका.

आता भिंत.

तुमच्या वरच्या मजल्यावरच्यांची बाजू घेतो, राग मानू नका. त्यांच्या बाथरूममधून गळती असती तर ती आधी तुमच्या छतावर दिसली असती: पिवळट डाग, मग पोपडे, मग थेंब. पाणी वरून येतं तेव्हा वरची जागा कोरडी ठेवून थेट कमरेखाली उगवत नाही. तुमची ओल खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरू होते आणि खाली जाते. दुसरी गोष्ट तुम्हीच लिहिली आहे, पण तिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही. उन्हाळ्यात भिंत कोरडी असते. वरचं कुटुंब उन्हाळ्यात आंघोळ करायचं थांबत नाही, उलट दोनदा करतं. तुमच्या स्वतःच्या बाथरूमलाही हेच लागू. नहाणी ट्रॅप (मोरीच्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं) गळत असता किंवा भिंतीतला पाइप पाझरत असता तर ओल बारा महिने राहिली असती. जी ओल पावसाबरोबर येते आणि पावसाबरोबर जाते, तिचं पाणी बाहेरून येतं.

शिवाय भिंत पश्चिमेची आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वारा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो, आणि ठाण्यासारख्या ठिकाणी पावसाची झड सरळ याच भिंतीवर बसते. त्यामुळे माझा पहिला संशय तुमच्या खिडकीवर आहे.

तुमची खिडकी बहुधा ॲल्युमिनियमची सरकती असेल. तिच्या खालच्या पट्टीत, ज्या खाचेतून काचा सरकतात तिथे, बाहेरच्या बाजूला छोटी भोकं असतात. काचेवरून ओघळलेलं पावसाचं पाणी खाचेत जमतं आणि त्या भोकांतून बाहेर जातं, अशी योजना असते. दोन-चार वर्षांत त्या भोकांत धूळ, कबुतराची पिसं, मेलेले किडे आणि गेल्या वेळच्या रंगाऱ्यानं सांडलेली पुट्टी जाऊन बसते. मग खाच भरते, आणि झड जोराची असली की पाणी आतल्या कडेवरून उतरून चौकटीच्या कोपऱ्यातून भिंतीत शिरतं. कोपऱ्यातूनच का? कारण चौकटीचे दोन तुकडे तिथे जोडलेले असतात, आणि त्या जोडातला सिलिकॉन, म्हणजे फट बुजवायचा रबरासारखा लेप, सगळ्यात आधी सुकून तडकतो. तुमची ओल नेमकी कोपऱ्यापासून सुरू होतेय.

तपासणं सोपं आहे. काचा एका बाजूला सरकवा. जुना टूथब्रश आणि झाडूची हिराची काडी घ्या. खाचेतला गाळ आधी कोरडाच काढा, मग काडीनं भोकं मोकळी करा. मग एक तांब्या पाणी खाचेत हळूहळू ओता आणि बघत उभे राहा. पाणी बाहेरच्या बाजूनं धारेनं गेलं तर भोकं चालू आहेत. साचून राहिलं किंवा मुकाट्यानं कमी होत गेलं, पण बाहेर काहीच दिसलं नाही, तर ते कुठे जातंय हे तुमच्या भिंतीला विचारा. हे सगळं खोलीत उभं राहून करायचं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून पलीकडची भोकं साफ करायला जाऊ नका. बाहेरून ग्रिल असेल तरी त्यावर भार टाकू नका. २२ वर्षांच्या ग्रिलचे बोल्ट कशात अडकलेत हे कोणालाच ठाऊक नसतं.

खाच झाली की खिडकीच्या खालचा दगड बघा, कडाप्पा किंवा ग्रॅनाइटची पट्टी असेल ती. तिचा उतार बाहेर हवा. नातवंडांची गोटी असली तर त्यावर ठेवा. गोटी आत आली तर पाणीही आतच येतं. मग चौकट आणि दगड यांच्या मधली रेघ नखानं चाचपा. जिथे सिलिकॉन सुटून पापडी निघते तिथून पाणी जातंय.

ही रेघ तुम्ही घरी भरू शकता, आणि तुमच्या हातातला मोकळा वेळ इथेच कामी येईल. जुना सिलिकॉन कटरनं पूर्ण खरवडून काढायचा. नवा जुन्यावर धरत नाही. जागा एक-दोन दिवस उन्हा-वाऱ्यात सुकू द्या, मग स्पिरिटनं पुसा. हार्डवेअरच्या दुकानात ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारा स्वस्त सिलिकॉन काचेला चालतो, दगड-सिमेंटवर तो नीट धरत नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, ट्यूबचं टोक तिरपं आणि बारीक कापा, आणि एका दमात, न थांबता एक धार ओढा. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटानं ती दाबून गुळगुळीत करा आणि वर साय धरायच्या आत टेप काढा. चोवीस तास पाणी नको. एक गोष्ट विसरू नका: उत्साहाच्या भरात ती निचऱ्याची भोकं सिलिकॉननं बुजवू नका. ‘इथून पाणी येतं वाटतं’ म्हणून नेमकी तीच भोकं बंद केलेल्या खिडक्या पुष्कळ आढळतात, आणि त्या घरांत ओल दुपटीनं वाढलेली असते.

खिडकी निर्दोष निघाली तर पुढचा संशय बाहेरच्या भिंतीवर. खाली जाऊन, समोरच्या इमारतीजवळ उभं राहून मोबाइलचा कॅमेरा झूम करून तुमच्या भिंतीचे फोटो काढा. गिलाव्याला उभ्या-आडव्या भेगा, हिरवं-काळं शेवाळ एकाच पट्ट्यात, सांडपाण्याच्या पाइपच्या जोडाखाली ओला डाग, कुणाच्या एसीचं पाणी छज्ज्यावर पडतंय का, आणि भेगेतून पिंपळाचं रोप डोकावतंय का, एवढं बघायचं. पिंपळ दिसला तर नुसता वरून छाटून काही होत नाही. मुळं आत राहतात आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतात.

हे बाहेरचं काम तुमचं नाही, सोसायटीचं आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बाहेरच्या भिंती, गच्ची, सामाईक पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप आणि पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चानं करायची असं म्हटलंय. घरातल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती ज्याची त्यानं. तेव्हा फोटो जोडून सेक्रेटरींच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. लिफ्टमध्ये भेटल्यावर सांगितलेल्या तक्रारीला पोच नसते. त्याच अर्जात आणखी एक ओळ घाला. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर पाच वर्षांनी करायचं असतं, तुमच्या इमारतीचं शेवटचं कधी झालं ते विचारा. आणि गच्चीत, जिन्यात किंवा तुमच्या घरात कुठे स्लॅबची सळई उघडी पडलेली किंवा गंजाचे तांबूस ओघळ दिसले तर वाट पाहू नका. ते रंगाचं प्रकरण राहत नाही.

ठेकेदाराच्या केमिकलबद्दल. पाणी बाहेरून येत असताना आतून कितीही भारी वॉटरप्रूफ थर द्या, भिंत मागून ओलीच राहणार. ते पाणी विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवत पृष्ठभागाकडे येतं, तिथे पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहून त्यांचे खडे वाढतात. भिंतीवर जी पांढरी पूड दिसते, लोणा लागला म्हणतो आपण, ती हीच. हे खडे रंगाला आणि पुट्टीला मागून ढकलून पाडतात. तुमचे दोन रंग असेच गेले. आतून घट्ट झाकलं तर पाणी बाजूच्या कोरड्या भागातून वाट काढेल. ओल तुमच्या कपाटामागे सरकेल आणि तुम्हाला ती कळेल तेव्हा शालूला बुरशी आलेली असेल. ज्या ठेकेदारानं भिंत बाहेरून न बघता गॅरंटी दिली त्याला एकच विचारा: पाणी कुठून येतंय? ‘केमिकल मारल्यावर सगळं बंद होतं’ असं उत्तर आलं तर चहा पाजून वाटेला लावा.

तेव्हा दिवाळीच्या आत रंग देऊ नका. हे मुलीच्या दिवाळसणाच्या तोंडावर सांगतोय, पण दुसरा उपाय नाही. पाऊस नुकताच संपलाय, भिंत आतपर्यंत भिजलेली आहे. त्यावर आज पुट्टी भरली तर जावयांच्या पाडव्याला कदाचित टिकेल, पुढच्या पावसाला नाही. सध्या एवढंच करा: सुटलेले पोपडे खरवडा, लोणा कोरड्या ब्रशनं झाडा आणि सुपलीत भरून बाहेर टाका. धुऊ नका, धुतलात की क्षार परत भिंतीत जिरतात. काळी बुरशी असेल तर खिडक्या उघड्या ठेवून, तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालून ब्लीचच्या पातळ पाण्यानं पुसा, आणि त्याच वेळी टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही ॲसिड जवळपास नको. दोन्ही मिसळली की क्लोरिन वायू सुटतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. आणि दिवाळीत त्या भिंतीवर एक छानसा पडदा सोडा किंवा आकाशकंदील करायला घेतलेल्या कागदांचं काहीतरी मुलीकडूनच करून घ्या. जावई भिंत बघायला येत नाहीत हो.

दरम्यान भिंतीवरच्या ओलीची कड पेन्सिलनं आखून बाजूला तारीख लिहा. दर आठवड्याला नवी रेघ. कड आत आत येत गेली तर भिंत वाळतेय. स्वयंपाकघरातल्या फॉइलचा वीतभर चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीनं ओल्या भागावर घट्ट लावा आणि दोन दिवसांनी काढा. फॉइलच्या मागे, भिंतीच्या बाजूला दव जमलं असेल तर ओल आतून येतेय. पुढच्या, खोलीच्या बाजूला जमलं असेल तर तो हवेतला दमटपणा आहे आणि उपाय नुसता खिडकी उघडी ठेवण्याचा. फॉइल मागून कोरडी निघू लागली, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, की मग सुटा गिलावा ठोकून काढा (पोकळ आवाज येतो तिथपर्यंत), सिमेंटचा गिलावा करून घ्या, आणि रंगाच्या आधी त्याला महिनाभर द्या. या भिंतीवर पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) अजिबात नको, ते ओल पिऊन फुगतं. पुट्टी घ्यायची ती सिमेंटची.

नळाचं काम तासाभराचं आहे. आधी त्या नळाचा अँगल कॉक किंवा बाथरूमचा वॉल्व्ह बंद करा आणि तो खरोखर बंद होतो का ते नळ उघडून बघा. जुने वॉल्व्ह नुसते फिरतात. खाली मोरीच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर स्क्रू गेलाच. तीन-चार फेरे फिरवावा लागणारा जुना पितळी नळ असेल तर वायसर झिजलाय, नवा घाला. पाव फेऱ्यात बंद होणारा असेल तर आतला स्पिंडल बदलावा लागतो, आणि तो दुकानात नेऊनच जुळवून घ्या. डोळ्यांनी सारखे दिसणारे दोन स्पिंडल दात्यांनी वेगळे निघतात. पान्याच्या जबड्यात फडकं घाला म्हणजे नळाचं पॉलिश राहील. टेफ्लॉन टेप आटे घट्ट बसतात त्याच दिशेनं गुंडाळा, आणि शेवटचा पीळ जोर लावून देऊ नका. भिंतीतला जुना एल्बो (पाइपचा वाकडा जोड) तडकला तर खरंच बाथरूमची गळती सुरू होईल आणि ती खालच्या मजल्यावर दिसेल.

दार: आत्ता रंधा मारू नका. पावसात फुगलेलं दार डिसेंबरात आपोआप आखडतं, मग तुम्ही काढलेला लाकडाचा भाग फटीच्या रूपानं राहतो. आधी वरची बिजागरी हलवून बघा. स्क्रू ढिले होऊन दार खाली लोंबतं आणि लोक फुगलं समजतात. भोक मोठं झालं असेल तर काड्यापेटीच्या गुल काढलेल्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून त्यात ठोसा, वाळल्यावर स्क्रू पुन्हा पिळा. खरंच घासत असेल तर तिथे मेणबत्ती घासा आणि उन्हाळ्यात दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला रंग किंवा पॉलिश द्या. सुतार आणि रंगारी दोघेही त्या दोन कडा नेहमी कोऱ्या सोडतात, लाकूड पाणी पितं तिथूनच.

ड्रिल मशीनबद्दल एवढंच: स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच्या बरोबरीच्या आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायरी तिथूनच गेलेल्या असतात. बाथरूमच्या भिंतीत नळांच्या रेषेत तर नकोच.

आणि वरच्या मजल्यावर जा. खिडकीची खाच तपासून झाली की त्यांना बोलावून दाखवा, ‘पाणी इथून येत होतं’ म्हणून. त्यांचीही भिंत पश्चिमेचीच आहे आणि खिडकीही तुमच्यासारखीच, म्हणजे त्यांच्याही बेडरूममध्ये ओल असण्याची शक्यता दांडगी. सोसायटीकडे दिलेल्या अर्जावर एकाऐवजी दोन सह्या असल्या तर कमिटी जरा लवकर हलते.

बोर्डाचं काम झाल्याचं आधी कळवा, मग फॉइलचं.